ऑनलाइन वादातलं ध्रुवीकरण मोजायचं कसं: तपोवनची झाडं, जायकवाडीचं पाणी आणि एका आकड्याचा मोह

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पत्रकारितेच्या आणि समाजशास्त्राच्या मुलांचे प्रकल्प माझ्यापुढे येतात. विषय बदलतात, चूक बदलत नाही. हजारभर कमेंट्स उचलायच्या, एखाद्या प्रोग्रॅमला विचारायचं की यातल्या ‘निगेटिव्ह’ किती, आणि शेवटी ठोकून द्यायचं: नाशिककर दुभंगले आहेत.

या मुलांनी मोजलेला असतो राग. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी (साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी) नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडण्यावरून २०२५च्या अखेरीस जो वाद पेटला, त्यातल्या कमेंट्स डोळ्यांखालून घाला. झाडं वाचवा म्हणणारा प्रशासनावर चिडलेला असतो आणि साधुग्राम झालंच पाहिजे म्हणणाराही ‘आत्तापर्यंत काय झोपला होतात’ म्हणून त्याच प्रशासनावर चिडलेला असतो. प्रोग्रॅमच्या लेखी दोघंही निगेटिव्ह, म्हणजे दोघंही एका बाजूचे. मग त्या आकड्यातून ध्रुवीकरण दिसणार कुठून?

खाली दिलेला क्रम पाळा. त्यात उलटापालट केली तर नंतर दुरुस्त करता येत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा, मगच मोबाइल हातात घ्या

‘तपोवनबद्दल लोकांचं मत’ हा प्रश्न होत नाही. त्यात निदान तीन प्रश्न एकात एक अडकलेले आहेत: झाडं तोडावीत का? साधुग्राम तिथेच व्हावं का? बदल्यात झाडं लावू या आश्वासनावर विश्वास आहे का? एकच माणूस या तिघांना तीन वेगळी उत्तरं देऊ शकतो. यातला एक निवडा आणि कागदावर लिहा. मी पुढे ‘साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडावीत का?’ हाच प्रश्न धरतो.

प्रश्न निवडताना एक कसोटी लावा: त्याची उत्तरं एका रेषेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडता येतात का? नाशिकमध्ये चांगली मिसळ कुठे मिळते यावर रोज भांडण होतं, आवाजही मोठा असतो. पण तिथे पंधरा गट आहेत आणि ते कुठल्याही रेषेवर बसत नाहीत. हे विखुरलेपण झालं. ध्रुवीकरण म्हणायला दोन-तीन मोठे गट हवेत, ते आतून एकसंध हवेत आणि एकमेकांपासून लांब हवेत. मिसळीच्या वादाला पुढची सूत्रं लावलीत तर आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल.

याच टप्प्यावर आणखी एक ठरवून टाका. मतांमधलं अंतर मोजायचं आहे, गटांमधला तुटलेला संवाद मोजायचा आहे, की एकमेकांविषयीची तुच्छता? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही एकदम वाढतात असं नाही. मी तिन्ही मोजायला सांगतो, पण तीन वेगळ्या रकान्यांत. बेरीज करून एक ‘ध्रुवीकरण निर्देशांक’ काढण्याचा मोह होतोच. तो आवरा.

## टप्पा २: हद्द आखा

माझ्या मते सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बुडतात, आणि बुडाले हे शेवटपर्यंत कळत नाही.

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत ठरलेल्या टक्केवारीपेक्षा (२०२३ मध्ये ती ६५ होती) कमी उपयुक्त साठा असला, की गंगापूर, दारणा आणि नगरकडच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय निघतो. २०२३च्या ऑक्टोबरअखेर असाच ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. अशा वेळी तुम्ही फक्त नाशिक-निफाडकडच्या पानांवरच्या कमेंट्स घेतल्या, तर जवळपास सगळे ‘सोडू नका’ म्हणणार. फक्त पैठण-संभाजीनगरकडच्या घेतल्या, तर सगळे ‘सोडा’ म्हणणार.

समजण्यासाठी आकडे मांडू. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. –२ म्हणजे ‘अजिबात सोडू नका’, +२ म्हणजे ‘सोडलंच पाहिजे’. नाशिककडच्या १०० जणांत –२ वर ६०, –१ वर ३० आणि ० वर १० जण. सरासरी –१.५, प्रचरण (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) ०.४५. तिकडच्या १०० जणांत हेच आरशातल्यासारखं उलटं, तेव्हा प्रचरण पुन्हा ०.४५. दोन्ही मिळून २०० जण एकत्र केले की प्रचरण २.७० होतं. त्यातलं ०.४५ गटांच्या आतलं, उरलेलं २.२५ गटांमधलं.

वाद एकच, माणसं तीच. एका हद्दीत एकमत दिसतं, दुसऱ्या हद्दीत टोकाचं ध्रुवीकरण. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, फक्त हद्द सांगितलेली असली पाहिजे.

म्हणून गोळा करायला बसण्यापूर्वी लिहून काढा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या समाजमाध्यमावरच्या, कोणत्या नियमाने निवडलेल्या पोस्ट. ‘ज्या गाजल्या त्या’ हा नियम धरता येत नाही. गाजतात त्या बहुधा भांडणाच्याच पोस्ट असतात, त्यामुळे उत्तर आधीच ठरून जातं.

तपासणी: तुमची हद्द वाचून दुसऱ्या माणसाला त्याच पोस्ट सापडतील का? एका मित्राला करायला सांगा. त्याच्या यादीत निम्म्या पोस्ट वेगळ्या आल्या, तर नियम कच्चा आहे.

## टप्पा ३: गोळा करा, पण चाळणी लावून

पहिली अडचण शोधशब्दांची. ‘साधुग्राम’ आणि ‘साधूग्राम’, ‘नाशिक’ आणि ‘नासिक’, ‘झाडं’, ‘झाडे’, ‘वृक्षतोड’, आणि हे सगळं रोमन लिपीतही, ज्याला जसं सुचलं तसं. आपल्याकडे बरीच मराठी रोमन अक्षरांत टाइप होते आणि मधेच हिंदीत घसरते. फक्त देवनागरी घेतली तर एका विशिष्ट वयाची आणि सवयीची माणसं जास्त येतात. लिपी गाळू नका. गाळलीच तर अहवालात तसं लिहा.

देवनागरीतही डोळ्यांना सारखं दिसणारं संगणकाला सारखं नसतं. ‘ॲ’ दोन पद्धतींनी साठवला जातो, ‘ऱ्या’चीही तीच गत, आणि काही कीबोर्ड अक्षरांमध्ये न दिसणारी जोडचिन्हं सोडून देतात. एकसारख्या कमेंट्स शोधण्यापूर्वी युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) करून घ्या; ‘ॲ’ आणि न दिसणारी चिन्हं त्यातून सुटतात, ती वेगळी बदलून घ्या. नाहीतर पन्नास जणांनी चिकटवलेला एकच मजकूर पाच वेगळी मतं म्हणून मोजला जाईल.

फेसबुकवरून हाताने उतरवत असाल तर कमेंट्सचा क्रम ‘सर्वात संबंधित’वरून ‘सर्व’वर आणा. आधीच्या क्रमात काय दिसावं हे माध्यम ठरवतं, आणि ज्या कमेंटवर भांडण जुंपतं ती वर येते.

गाळायचं काय? जाहिराती, नुसते टॅग, आणि एकाच खात्याने चिकटवलेला तोच तो मजकूर (एकदाच धरा). नुसता ‘जय श्रीराम’ किंवा ‘जय महाराष्ट्र’ गाळू नका, तो पुढच्या टप्प्यात ‘मत कळत नाही’मध्ये जाईल. त्यावरून बाजू ओळखायला जाल तर तुमचाच पूर्वग्रह विदेत (गोळा केलेल्या माहितीत) मिसळेल. झाडं वाचवायला निघालेल्यांतही घोषणा देणारे होते.

सावधान: खात्याचं नाव काढून जागी क्रमांक टाका, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. बंद व्हॉट्सॲप गटातला मजकूर गटातल्या लोकांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. कोणीतरी तुम्हाला गटात घेतलं, म्हणजे तिथली बोलणी तुमच्या प्रबंधाला आंदण मिळाली असं होत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही एकदा वाचून ठेवा. आणि अहवालात शब्दशः कमेंट छापू नका, शोधपट्टीत टाकली की माणूस सापडतो.

## टप्पा ४: मोजपट्टी आणि नियमवही

पाच पायऱ्या पुरतात:

–२: एकही झाड तोडू नये, कुठल्याही अटीवर नाही.
–१: तोडणं चूक, पण अगदीच नाइलाज असेल तर मोजकी.
०: दोन्ही बाजू मांडून मधे थांबलेला.
+१: तोडायला हरकत नाही, पण अटीवर.
+२: तोडा, अटी नकोत.

आणि सहावा रकाना क्ष: मत कळत नाही.

शून्य आणि ‘क्ष’ यांची सरमिसळ मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता फाइल उघडताच आधी तीच शोधतो. शून्य म्हणजे माणसाने विचार करून मधली जागा घेतली. ‘क्ष’ म्हणजे आपल्याला कळलं नाही. समजा १०० माणसं –२ वर ४०, –१ वर ८, ० वर ४, +१ वर ८, +२ वर ४० अशी आहेत. प्रचरण ३.३६, म्हणजे जवळपास कमाल (या पट्टीवर कमाल ४). त्यांत मत न कळलेले १०० जण ‘शून्य’ म्हणून ढकलले, की प्रचरण थेट १.६८ होतं. वाद निम्मा शांत झाला, आणि तोही फक्त तुमच्या फाइलमध्ये.

पट्टीपेक्षा नियमवही जास्त वेळ खाते, आणि खाऊ द्या. पन्नास कमेंट्स नुसत्या वाचा आणि अडलेल्या प्रत्येक जागी नियम लिहा. तपोवनच्या वादात हमखास अडणाऱ्या जागा या:

‘पुनर्रोपण’ हा शब्द दोन्हीकडे येतो. ‘आधी लावून, जगवून दाखवा, मग बोला’ म्हणणारा बहुधा –१ वर असतो. ‘पुनर्रोपण होणारच आहे, उगाच ओरडू नका’ म्हणणारा +१ वर. शब्द पकडून बाजू ठरवणारा कुठलाही प्रोग्रॅम इथे तोंडावर आपटतो.

उपरोध. ‘वा, झाडं तोडा, साधूंना सिमेंटची सावली द्या’ हे वाक्य शब्दांवरून +२ आणि अर्थाने –२. ‘भावपूर्ण श्रद्धांजली गोदामाई’ यात तर मत उघडपणे कुठेच नाही, हात जोडलेलं चिन्हसुद्धा टोमण्यासाठीच आहे. आपल्याकडे टोमणा हीच मत मांडायची मोठी पद्धत आहे. ती गाळली तर सगळ्यात ठाम माणसं गळतात. नियम असा ठेवा: आधीची पोस्ट आणि ज्याला उत्तर दिलं ती कमेंट वाचूनच बाजू ठरवायची, आणि तरीही शंका उरली तर ‘क्ष’.

विषयांतर. ‘आधी खड्डे बुजवा’ हे झाडांविषयीचं मत नाही. ‘क्ष’.

हसण्याची प्रतिक्रिया. एकाच पोस्टवर ती कौतुकालाही पडते आणि खिल्लीलाही. प्रतिक्रिया या टप्प्यावर मोजूच नका.

## टप्पा ५: दोघांनी वेगवेगळं बसून अंक द्या

एकाच माणसाने सगळ्या कमेंट्सना अंक दिले तर ते त्या माणसाचं मत झालं. निदान २०० कमेंट्स दोघांनी एकमेकांना न विचारता तपासायच्या. दोघांची वादातली बाजू वेगळी असली तर फारच उत्तम. माझ्याकडच्या एका जोडीत एक मुलगी वृक्षप्रेमींच्या बैठकांना जाणारी आणि एक मुलगा पंचवटीतल्या पुजाऱ्याच्या घरातला होता. दोघं तासन्‌तास भांडले, पण नियमवही मात्र त्यांचीच सगळ्यात पक्की झाली.

मग जुळणी मोजा. ‘८५ टक्के जुळलं’ एवढ्यावर खूश होऊ नका. दोघांनीही ९० टक्के कमेंट्सना ‘विरोध’ आणि १० टक्क्यांना ‘पाठिंबा’ दिला असेल, तर डोळे मिटून अंक दिले तरी ८२ टक्के जुळतील (०.९ × ०.९ + ०.१ × ०.१). योगायोग वजा करणारं कोहेनचं कप्पा इथे (०.८५ – ०.८२) ÷ (१ – ०.८२), म्हणजे फक्त ०.१७ येतं. पाच पायऱ्यांच्या पट्टीला जुळणीचंच दुसरं माप, क्रिपेनडॉर्फचा अल्फा (अंकांमधलं अंतर धरणारा प्रकार), अधिक बरा. –२ आणि –१ मधला फरक तो लहान धरतो आणि –२ व +२ मधला मोठा. ०.८०च्या वर असेल तर पुढे जा. ०.६६७च्या खाली असेल तर नियमवहीकडे परत. मधे असेल तर निष्कर्ष जपून लिहा.

मशीनकडे काम सोपवायचं असेल तर: मराठीसाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने महाबर्टसारखी (मराठी मजकुरावर शिकवलेली) मॉडेल्स खुली केली आहेत, ती वापरता येतात. पण तयार भावना-मॉडेल (मजकूर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच सांगणारं) घेऊ नका. तुम्ही अंक दिलेल्या कमेंट्सवर बाजू ओळखायला त्याला शिकवा आणि न पाहिलेल्या कमेंट्सवर तपासा. चूक किती महाग पडते बघा: शंभराच्या शंभर माणसं +२ वर आहेत, वाद शून्य, प्रचरण शून्य. मशीनने त्यातल्या १० जणांना चुकून –२ दिलं, तर प्रचरण १.४४. ‘९० टक्के अचूक’ मॉडेलने बसल्या जागी वाद उभा केला.

## टप्पा ६: कमेंटवरून माणसावर या

ध्रुवीकरण माणसांचं असतं. समजा १०० जणांच्या वादात १० जणांनी प्रत्येकी २० कमेंट्स टाकल्या आणि ९० जणांनी दोन-दोन. एकूण ३८०, त्यांतल्या २०० त्या दहा जणांच्या. कमेंट्सवर आकडे काढले तर अर्ध्याहून जास्त निकाल दहा माणसं लावतात. आणि जो दिवसाला वीस कमेंट्स टाकतो तो सहसा मधला नसतो.

म्हणून प्रत्येक खात्याच्या (क्ष वगळून) सगळ्या अंकांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंक) घ्या आणि एका माणसाला एकच अंक द्या. ज्यांचे सगळेच ‘क्ष’ आहेत त्यांना हिशेबातून काढा, पण ते किती होते ते लिहून ठेवा.

एकाच माणसाचे अंक –२ पासून +१ पर्यंत फिरत असतील तर चूक समजून पुसू नका. कदाचित तो खरंच बदलला असेल, आणि टप्पा १० मध्ये तो कामी येईल.

## टप्पा ७: आधी चित्र, मग आकडा

अंक हातात आले की पहिलं काम पाच खांबांचा आलेख काढणं. सूत्र नंतर. आलेख न बघता काढलेला आकडा फसवतो, तो कसा ते तीन कल्पित वादांवरून बघू. प्रत्येकात १०० माणसं, खांब –२ पासून +२ पर्यंत:

अ) ४०, ८, ४, ८, ४० — दोन टोकं.
ब) ५, २०, ५०, २०, ५ — मधे गर्दी.
क) ५, ५, ५, १५, ७० — जवळपास एकमत, थोडी शेपटी.

प्रचरण: अ ३.३६, ब ०.८०, क १.२४.

द्विशिखरता गुणांक (विषमतेचा वर्ग अधिक एक, भागिले शिखरता; विषमता म्हणजे आलेख एका बाजूला किती झुकला, शिखरता म्हणजे त्याच्या शेपट्या किती जड): अ ०.८७, ब ०.३२, क ०.८४. हा गुणांक ५/९, म्हणजे सुमारे ०.५६च्या वर गेला की ‘दोन शिखरं’ असं बऱ्याच ठिकाणी शिकवलं जातं. त्या हिशेबाने ‘क’ वाद ‘अ’ इतकाच दुभंगलेला. प्रत्यक्षात तिथे ८५ जण एका बाजूला आहेत! हा गुणांक एका बाजूला झुकलेल्या वाटपालाही वर जातो, आणि ऑनलाइन वाद बहुतेक वेळा झुकलेलेच असतात. मी तो एकटा कधीच वापरू देत नाही.

तिसरं माप जोन एस्तेबान आणि देबराज रे यांनी १९९४ मध्ये मांडलेलं. दोन-दोन गटांची (इथे खांबांची) जोडी घ्यायची, त्यांच्यातलं अंतर गुणिले दोन्हींचं प्रमाण, आणि त्यातल्या एकाच्या प्रमाणाला थोडा जास्त घातांक (१ अधिक अल्फा; हा अल्फा टप्पा ५ मधला नव्हे; तो शून्याहून मोठा, फार तर १.६). प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी धरून सगळ्यांची बेरीज करायची. गट मोठा तितकी त्याची एकी जड, हा त्यामागचा विचार. अल्फा १ घेतला तर ५०-५० अशा दोन टोकांना बरोबर १ येतो. आपल्या तीन वादांना अ ०.६७, ब ०.२५, क ०.३४. डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. मी हे माप आणि प्रचरण, दोन्ही शेजारी-शेजारी देतो.

सावधान: एक्सेल आणि तत्सम तक्त्यांमधलं शिखरतेचं सूत्र नेहमीच्या शिखरतेतून ३ वजा करून उत्तर देतं. ते तसंच सूत्रात टाकलं, तर ‘अ’ला ऋण आणि ‘ब’ला एकापेक्षा कितीतरी मोठा गुणांक येईल. गुणांक शून्याखाली किंवा एकाच्या वर आला की ओळखा, ३ मिळवायचे राहिले.

नुसता आकडा देऊ नका, त्याचा पल्लाही द्या. तुमच्या माणसांच्या यादीतून परत ठेवत-ठेवत तेवढीच माणसं १,००० वेळा उचला, दर वेळी माप काढा, आणि खालचे अडीच व वरचे अडीच टक्के सोडून उरलेला पल्ला लिहा. शंभराहून कमी माणसं असतील तर हा पल्ला इतका रुंद येतो, की दोन वादांची तुलना करायला जाऊच नये, हा माझा अनुभवाचा ठोकताळा.

## टप्पा ८: कोण कोणाशी बोलतं

अंतर मोजून झालं, आता संवाद. दोन याद्या करा, एक शेअरची आणि एक उत्तरांची. एकत्र करू नका. अमेरिकेतल्या २०१०च्या मध्यावधी निवडणुकीच्या ट्वीट्सवर इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की रीट्वीटचं जाळं दोन तुकड्यांत फाटलेलं होतं आणि उल्लेखांचं जाळं तसं नव्हतं. कारण साधं आहे. शेअर आपल्या माणसाचं करतात, शिवी परक्याला देतात. उत्तरं या बाजूकडून त्या बाजूकडे जाताना दिसली की विद्यार्थी लिहितात, ‘संवाद चालू आहे.’ ती उत्तरं एकदा वाचून तरी बघा.

माप सोपं आहे: (बाहेरच्या कड्या – आतल्या कड्या) ÷ एकूण कड्या. कडी म्हणजे एक शेअर किंवा एक उत्तर; पलीकडच्या बाजूला गेली तर बाहेरची, नाहीतर आतली. १५० शेअरपैकी १२० आपल्याच बाजूचे आणि ३० पलीकडचे, तर (३० – १२०) ÷ १५० = –०.६. ऋण एकच्या जवळ म्हणजे बंद दारं.

पण थांबा, गटांचे आकार पाहिले का? एक बाजू ८० टक्के आणि दुसरी २० टक्के असेल, आणि लोक बाजू न बघता शेअर करत असतील, तरी बाहेरच्या कड्या ३२ टक्के आणि आतल्या ६८ टक्केच पडणार. म्हणजे कोणी कोणाला टाळत नसतानाही –०.३६ येतो. तेव्हा बाजूंच्या पाट्या माणसांमध्ये यदृच्छेने हजार वेळा वाटून बघा, दर वेळी माप काढा, आणि तुमचा खरा आकडा त्या गर्दीच्या बाहेर पडतो का ते तपासा. पडत नसेल तर या रकान्यात लिहायचं, ‘फरक दिसला नाही.’

## टप्पा ९: तुच्छता, थोडक्यात

प्रत्येक कमेंटला एक ‘हो/नाही’: समोरच्या बाजूच्या माणसांना नाव ठेवलं आहे का? ‘विकासविरोधी’, ‘धर्मद्रोही’, ‘ठेकेदाराचे दलाल’ ही नावं. मंत्री, अधिकारी किंवा पालिकेवरचा राग इथे धरायचा नाही, तो वेगळ्या रकान्यात. मग माणशी मोजा: किती टक्के लोकांनी निदान एकदा असं केलं. मतं जवळ-जवळ असूनही हा आकडा वर जाताना दिसतो, आणि उलटही दिसतं. म्हणूनच तीन रकाने.

## टप्पा १०: काळ

‘ध्रुवीकरण वाढलं’ लिहायचं असेल तर निदान दोन वेळांचे आकडे हवेत, आणि काप आधी ठरलेले हवेत. कांद्याचा वाद यासाठी चांगला, कारण त्याच्या तारखा बाहेरून ठरलेल्या आहेत: १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. या तारखांच्या आधीचे आणि नंतरचे सारखेच दिवस घ्या. आलेख पाहून जिथे उडी दिसते तिथे काप मारणं म्हणजे बाण मारून भोवती वर्तुळ काढणं.

आकडा वाढला तर त्याची दोन कारणं असू शकतात. जुनी माणसं टोकाला सरकली, किंवा मधली माणसं कंटाळून गप्प बसली आणि नवी टोकाची आली. लासलगावला लिलाव बंद पडला, की एरवी न बोलणारे शेतकरीही लिहू लागतात आणि शहरातला ग्राहक दोन दिवसांत विषय सोडून देतो. दोन्ही काळांत हजर असलेल्या खात्यांचा आकडा वेगळा काढा. तो हलला नसेल तर कोणाचंही मत बदललेलं नाही, फक्त हजेरीपट बदलला आहे.

## टप्पा ११: निष्कर्षाचं वाक्य

अहवालातलं मुख्य वाक्य या साच्यात बसवा आणि गाळलेल्या जागा भरा:

‘… ते … या काळात, … नियमाने निवडलेल्या … पोस्टवर मत मांडणाऱ्या … खात्यांमध्ये, … या प्रश्नावरच्या मतांचं प्रचरण … (पल्ला … ते …) आणि एस्तेबान-रे माप … (पल्ला … ते …) आहे. … खात्यांचं मत कळू शकलं नाही. अंक देणाऱ्यांचा क्रिपेनडॉर्फ अल्फा … होता.’

खाली संवादाचा आणि तुच्छतेचा आकडा, प्रत्येकी एका ओळीत.

या वाक्यात ‘नाशिककर’ हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. सिडकोतली, सातपूरची, नाशिक रोडची बहुसंख्य माणसं या वादात एक अक्षरही लिहीत नाहीत, आणि लिहिणाऱ्यांतले कितीतरी पुण्या-मुंबईत बसलेले असतात. एका विद्यार्थ्याने हा साचा भरून आणला आणि म्हणाला, ‘सर, याला मथळा काय देऊ? यात काहीच खळबळजनक नाही.’ मी त्याला ‘क्ष’चा आकडा विचारला. तो भरायचा राहिला होता.